तांदळात पुसलेलं नाव

'रे'ची मात्रा वरच्या आडव्या रेघेला जिथं मिळते, तिथून रंगाचा एक थेंब सुटला होता. तो लगेच खाली आला नाही. आधी जागच्या जागी फुगला, थोडा वेळ थांबला, आणि मग पत्र्यावरून इतक्या सावकाश उतरू लागला की तो हलतो आहे हे कळायला त्याच्यामागची ओली रेघ बघावी लागत होती. थंडीत तेलरंग घट्ट होतो. तुंगार्लीला डिसेंबरात सकाळी उशिरापर्यंत तलावावरचं धुकं रस्त्यावर रेंगाळतं, पत्रा हाताला बर्फासारखा लागतो, आणि रंग ब्रशला सोडायला तयार नसतो. थेंब उतरता उतरता बारीक होत गेला. जाताना तो स्वतःचाच रंग मागं सोडत होता. शेवटी खाली ओढण्याइतकंही वजन त्याच्यात उरलं नाही, आणि तो पाटीच्या मध्यावर कुठंतरी थांबला.

"पुसतो मॅडम, काळजी नका करू," पवन पेंटर शिडीवरून म्हणाला. रॉकेलचा बोळा त्यानं कानाला लावलेल्या पेन्सिलीसारखा खांद्यावर ठेवला होता. निलेशभाऊंनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, त्याला मुद्दाम शोधून आणलं होतं. छापील फ्लेक्स सगळेच लावतात, सुट्टीला बंगला भाड्यानं घेणाऱ्या मुंबईच्या गिऱ्हाइकाला हातानं रंगवलेली पाटी दिसली की घरगुती वाटतं, असं त्यांचं म्हणणं. पवननं 'रे' पुरा केला, मान तिरकी करून पाहिला आणि सहज विचारलं, "रेणुका म्हंजी तुमीच का?"

"नाही," मी म्हणाले. "आमच्या मोठ्या जाऊबाई."

"मंग त्यांचं लय नशीब. नवऱ्यानं बंगल्याला बायकोचं नाव द्यायचं म्हंजी!" तो हसला आणि 'णु'कडे वळला.

उत्तर देऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी अंगणातल्या विटांच्या ढिगाला धरून उभी आहे. विचारलं तेवढ्यापुरतं उत्तर खरं होतं. बंगला थोरल्या दिरांच्या नावावर, पाटी त्यांच्या बायकोची, उद्या वास्तुशांत, आणि 'रेणुका निवास' हे नाव कुटुंबात सगळ्यांना महिनाभर आधीपासून माहीत. मलाही. पण आजवर मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तू रेणुका का? आणि मी याच गावात, जिथं रेल्वेच्या चाळीत माझा जन्म झाला, जिथं शाळेच्या हजेरीत रोज सकाळी हे नाव पुकारलं गेलं आणि रोज मी 'हजर' म्हणाले, त्या गावात उभी राहून 'नाही' म्हणाले होते. आवाजही कापला नाही. हेच जास्त लागलं.

जन्मानं मी रेणुका. सासरी प्रेरणा. लग्न करून सुदुंबऱ्याला आले तेव्हा त्या घरात एक रेणुका आधीच होती, आणि एका घरात एका नावाच्या दोन सुना चालत नाहीत. थोरलीचं नाव धाकटीनं तोंडानं घ्यायचं नसतं, मग स्वतःचं तरी कसं घेणार? सासूबाईंनी, म्हणजे नंदाबाईंनी, लग्नाच्या आठवडाभर आधीच सांगितलं होतं, "देवीचं नाव हाय बाई. हाक मारली की दोगी उठायच्या, अन् कामाला एक बी न्हाई!" बायका हसल्या होत्या, मीही हसले होते. तेव्हा मी नुकतीच रसायनशास्त्रात एम. एस्सी. झाले होते आणि माझ्यापाशी या गोष्टीचं एक तयार उत्तर होतं: नाव म्हणजे बाटलीवरचं लेबल, लेबल बदलल्यानं आतला पदार्थ बदलत नाही. लग्नाच्या संध्याकाळी ताटात तांदूळ पसरले. संदेशनं, माझ्या नवऱ्यानं, अंगठी हातात घेतली आणि कॉलेजातल्या सवयीनं पहिलं अक्षर काढलं 'रे'. "आरं, ध्यान कुटंय तुजं? प्रेरणा!" सासूबाई ओरडल्या, आणि सगळ्या माजघरात हशा पिकला. संदेशनं तळव्यानं 'रे' पुसला. त्याच्या ओल्या हाताला तांदळाचे दाणे चिकटले, ते त्यानं धोतराला झटकले, आणि नव्यानं लिहायला सुरुवात केली. ताट धरून बसली होती थोरली जाऊ. सगळ्यांत मोठ्यानं हसली तीच. त्या हसण्यात कुत्सित काही नव्हतं हे मला त्या क्षणीही दिसत होतं. तरी ते हसू मी जपून ठेवलं, एखादं रसायन उजेड लागू नये म्हणून काळ्या बाटलीत ठेवतात तसं.

आणि ते नाव तिचंही नव्हतं. हे मला पहिल्याच दिवाळीत कळलं. ती लोहगडवाडीची, माहेरची शालन. घराण्याचं कुलदैवत कार्ल्याची एकवीरा. थोरल्या मुलाला चांगली बायको मिळाली तर तिला देवीचं, रेणुकेचं, नाव ठेवीन, असं सासूबाई गडावर बोलल्या होत्या. म्हणून त्याच ताटात, माझ्याआधी काही वर्षं, शालनची रेणुका झाली. तिची मावशी, भागुबाई, गडाखालच्या टपरीवर पिठलं-भाकरी विकते. ती आली की दारातूनच "शाले, ए शालेऽ" करते, आणि जाऊ हातातलं टाकून धावते. म्हणजे तिच्याकडं दोन नावं. एक माहेरी जपलेलं, एक सासरी दिलेलं. माझे आईवडील गेले, भाऊ 'ताई' म्हणतो, मुलगी 'आई', तळेगावच्या पाणीतपासणीच्या प्रयोगशाळेत मी 'मॅडम'. कागदोपत्री रेणुका आहे. प्रत्येक अहवालाखाली मी सही करते तीही रेणुकाच. पण वाचणारा ते नाव डोळ्यांनी वाचतो आणि पान उलटतो. ते कुणाच्या तोंडातून निघत नाही. आमच्याकडं लेबल नसलेली बाटली सापडली, तर आत काय आहे हे तपासण्यात कुणी वेळ घालवत नाही. ती ओतून टाकतात.

पण हाकेचं काय करायचं? घरात दिवसभर माझं नाव पुकारलं जायचं. "रेणुका, भाकरी टाक." "रेणुकावैनी, ताक हाय का?" "रेणके, आगं म्हस सुटली!" प्रत्येक वेळी माझी मान आधी वळायची, मग मला आठवायचं. मानेच्या मागं एक बारीकसा झटका बसायचा, झोप लागता लागता पाय दचकतो तसा. ती कुठूनही "ओऽ" द्यायची, तिचा तो भरदार, बेफिकीर 'ओ', आणि नाव माझ्या डोक्यावरून तिच्याकडं निघून जायचं. वाटलं होतं की सवय होईल. सवयीनं प्रतिक्रिया मंदावते, हे मी शिकले होते. पण मंदावली नाही. उलट कान अधिक तिखट झाले. कोण तिला कुठल्या सुरात हाक मारतं, कोण 'रे' लांबवतं, कोण शेवटचा 'का' गिळून टाकतं, सगळं मला पाठ झालं. सासूबाईंच्या हाकेत हुकूम असायचा आणि तळाशी माया. 'प्रेरणा' म्हणताना हुकूम नसायचा, मायाही नसायची. पाहुणीला विचारावं तसं त्या माझं नाव घ्यायच्या. हळदीकुंकवाला बायकांनी पुरुषांना उखाण्यात अडवलं की निलेशभाऊ 'रेणुका' ओढून ताणून, खोडसाळपणे घ्यायचे. संदेश 'प्रेरणा' घ्यायचा तो पाठ केलेलं उत्तर द्यावं तसा. सुरुवातीला खोलीत तो मला 'रेणू' म्हणायचा. मग एक दिवस म्हणाला, "बाहेर तोंडातून निसटलं तर उगाच वहिनींना... आईला आवडणार नाही." तेव्हापासून 'अगं'.

या नावाला अर्थ आहेत, आणि लहानपणी ते सगळे माझे होते. रेणू म्हणजे धूळ, फुलांमधला पराग, आणि शाळेच्या पुस्तकात पदार्थाचा तो सर्वांत लहान कण, ज्यात पदार्थाचे गुण टिकून असतात. आठवीत तो धडा आला तेव्हा बाई मला उभं करून म्हणाल्या होत्या, "बघा, ही आपल्या वर्गातली रेणुका." वडील चैत्रात कार्ल्याला घेऊन जायचे. पायऱ्या चढताना सांगायचे, एकवीरा म्हणजे रेणुकाच, जमदग्नी ऋषींची बायको. ती रोज नदीवर जायची, हातानं ओल्या वाळूचा घडा करायची आणि त्यात पाणी भरून आणायची. भाजलेला नाही, नुसता वाळूचा. तिचं मन एकाग्र असे म्हणून तो टिके. एक दिवस तिनं नदीत जलक्रीडा करणाऱ्या कुणाकडं क्षणभर पाहिलं आणि घडा ढासळला. नवऱ्याला ते घरबसल्या कळलं. मग त्यानं मुलाला सांगून तिचं डोकं उडवलं. "एकदाच बघितलं तर?" मी विचारायचे. वडील म्हणायचे, "पुन्हा जिवंत केली की नंतर." मला ते उत्तर पुरायचं नाही. पुढं ओल्या वाळूबद्दल शिकले तेव्हा वाटलं, की कथेत फार चुकीचं नव्हतं. वाळूचे कण एकमेकांना धरत नाहीत, त्यांच्यामधली पाण्याची पातळ साय त्यांना धरून ठेवते. ती आटली तरी घडा ढासळतो, वाढली तरी ढासळतो.

लग्नानंतर हे नाव मला सगळीकडं दिसू लागलं. टेम्पोच्या काचेवर रेणुकामाता प्रसन्न, बाजारातल्या एका चिक्कीच्या दुकानावर, वाळूच्या ट्रकवर, लग्नपत्रिकांच्या माथ्यावर. प्रयोगशाळेत तपासायला येणाऱ्या टँकरच्या नमुन्यांत एका बाटलीवर तेच नाव असायचं. ते पाणी मी काचेत धरून उजेडासमोर न्यायचे आणि गढूळपणा मोजताना त्यात काहीतरी वाईट निघावं अशी मनात इच्छा करायचे. पाणी नेहमी स्वच्छ निघायचं. सगळ्या मावळानं ते नाव वापरावं, गाड्यांनी, देवळांनी, टँकरनी, आणि एका मलाच ते वर्ज्य. खूप वर्षं मी समजत होते की या कथेत मी रेणुका आहे, जिचं काही तोडलं गेलं ती. पण घरबसल्या दुसरीची पावलं ओळखणारा, घडा कुठं तडकतो याची वाट बघणारा तो ऋषी होता. तेच मी करत होते.

एकदा घडा तडकला. संदेशला टायफॉइड झाला होता. मी कामावरून परत येत होते, जिना चढताना वरच्या खोलीतून त्याचा आवाज आला. "रेणू... रेणू, पाणी." तापात माणूस जुन्या जागी जातो. मी चपला न काढता धावले, आणि दारात पोचले तर जाऊ आत होती. एका हातानं त्याचं डोकं उचललेलं, दुसऱ्या हातात तांब्या. तिनं माझ्याकडं पाहिलं, तांब्या खाली ठेवला आणि ती बाजूनं निघून गेली. आजारी दिराला पाणी पाजलं, एवढंच घडलं होतं. मी तांब्यातलं उरलेलं पाणी खिडकीतून फेकलं, विसळून नवीन भरलं आणि त्याला पाजायला गेले, तर त्याची तहान भागलेली होती. त्याला पुढं यातलं काही आठवलं नाही. मला मात्र ते पाणी आठवत राहिलं. माझ्या नावानं मागितलेलं पाणी दुसरीच्या हातून आत गेलं होतं.

आणि सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यांवर पट्टी होती, तेव्हा उलटं झालं. दुपारी त्यांनी "रेणुका" म्हणून हाक मारली. जाऊ मळ्यात होती. मी गेले, उशी सरळ केली, गोळी दिली, बोलले नाही. त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि म्हणाल्या, "गुणाची गं माजी रेणुका." तो हात मी कितीतरी वेळ तिथंच ठेवला. त्या सुरात मला त्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. त्या संध्याकाळी मी ठरवलं, की माझं नाव मी परत मागणार. वाक्यही तयार होतं, साधं, दोन ओळींचं. गाडी चालवताना हेल्मेटच्या आत ते म्हणून पाहायचे, भांडी घासताना नळाच्या आवाजाखाली म्हणायचे. पट्टी निघाली. मग सासरे गेले, महिपतीआबा, आणि घरात दुःख असताना असलं काय बोलायचं? मग सगळ्यांत मोठं कारण पुढं आलं: मागायचं कुणाकडं? सासूबाईंकडं मागितलं तरी ते जाणार होतं तिच्याकडून, आणि तिच्यापुढं मला हात पसरायचा नव्हता.

"च्या घे. थंड झाला तर पुन्ना करायची न्हाई मी."

जाऊ दोन कप घेऊन बाहेर आली होती. डोक्याला स्कार्फ, पायांत नवऱ्याचे बूट. ती विटांवर बसली, मीही शेजारी टेकले, आणि ती पाटीकडं बघू लागली. 'रेणु' झाला होता. पवन ब्रश धुवायला मागच्या नळावर गेला होता.

"चांगलं काढतोय," मी म्हणाले. "तुमचं नाव शोभून दिसतंय, ताई."

"माजं?" ती चहावर फुंकर घालत राहिली. "ह्यांना म्हनलं हुतं, नगा टाकू. 'गडाची सावली' टाका, न्हाईतर नुस्तं 'निलेश' टाका. तर म्हनले, देवीचं नाव हाय, गिऱ्हाईक येतं. म्हंजी बग, बायकोचं न्हाईच. देवीचं."

धुक्यातून घोड्यावर बसलेलं एक पोर आणि त्यामागं फोन धरून पळणारा बाप असे रस्त्यानं गेले.

"येक सांगू?" ती म्हणाली. "राग नगं धरू. मला हाक मारली की मला जरा येळानं कळतं. आजून बी. शालन म्हनलं की पाय आदी उठत्यात, मंग मी. रेणुका म्हनलं की मला आदी आठवावं लागतं, आपुनच ती. तवर तुजी मान वळल्याली असती. घरात कुटं बी अस. हाक मला, मान तुजी. इतकी वर्सं बगतीया मी."

कपाची कड माझ्या ओठाला लागलेली होती, ती तशीच राहिली. मला वाटायचं की बघणारी एकटी मीच आहे.

"कुणाला बोलले न्हाई," ती पुढं म्हणाली. "काय बोलायचं? तुजी वस्तू माज्या अंगावर घातली, अन् ती मला येत न्हाई हे तुलाच सांगू? जळायची मी. शिकल्याली, पगाराची, त्याचं न्हाई एवडं. हे नाव तुला वळखतं. मला न्हाई वळखत." तिनं चहा संपवला, कपातला गाळ विटांवर ओतला. "संदेशभावजींना ताप आल्ता, ध्यानात हाय? 'रेणू' म्हनले. ती हाक तुला व्हती. मला ठावं हुतं. ते मला कदी नावानं हाक मारत्यात का? तरी गेले मी. म्हनलं, बगू तरी, त्या नावानं कुणी असं बोलावलं तर कसं लागतं."

"कसं लागलं?" माझा आवाज मला परका वाटला.

ती पाटीकडं बघत म्हणाली, "ब्येस लागलं."

तिची दया यावी असं तिथं बरंच काही होतं. मला ते दिसत होतं. पण दया आली नाही. छातीत आलं ते जुनंच, तसंच तापलेलं, फक्त आता त्याला आकार आला होता. तो क्षण तिनं माहीत असून घेतला होता. मी खिडकीतून फेकलेलं पाणी योग्यच फेकलं होतं. आणि त्याच वेळी, त्याच्याच पोटात, एक गोड काहीतरी: ती माझ्यावर जळत होती. माझ्या वळणाऱ्या मानेवर. ज्या झटक्याची मला लाज वाटायची, त्याच्यासाठी ती रात्री कूस बदलत होती. मी माझा चहा संपवला, तिच्या हातातला रिकामा कप घेतला आणि माझ्या कपात ठेवला. दोन्ही कप एकाच संचातले, एकात एक घट्ट बसले.

पवन परत आला, शिडी हलवली, 'का'साठी जागा मापली.

"रेणुका!" घरातून सासूबाईंचा आवाज आला. गुडघ्यांमुळं त्या आता खुर्चीवरून हलत नाहीत, त्यामुळं आवाज वाढला आहे. "आगं ए रेणुका! उद्याचा नारळ कुटं ठिवलाय? भटजींची पिशवी कुटंय?"

मान वळली. माझी. मागं तोच झटका. जाऊ बसूनच होती. ती माझ्या मानेकडं बघत होती आणि तिच्या ओठांवर ताटाजवळचं ते जुनं हसू येऊ लागलं होतं, आता थोडं दमलेलं. "बग," ती हळू म्हणाली, "वळली." आणि तिनं हात जरासा उचलला, दाराच्या दिशेनं, जा की, असा. पुढच्या क्षणी ती तोंडानं म्हणणार होती. घे तुझं तुला, असं काहीतरी, मोठ्या मनानं, थोरलेपणानं. तिचं मन खरंच मोठं आहे. आणि तेच मला नको होतं. तिनं द्यायच्या आत मला ते घ्यायचं होतं. कप विटांवर ठेवून मी उठले, पायऱ्या चढले आणि उंबऱ्यात उभी राहिले. मागं पवनचा ब्रश थांबल्याचं जाणवलं. आत निलेशभाऊ आणि संदेश जमिनीवर बसून दिव्यांच्या माळेचा गुंता सोडवत होते, दोघांनी वर पाहिलं.

"तू न्हाई गं प्रेरणा," सासूबाई म्हणाल्या. "रेणुकेला बोलीव."

"रेणुका मीच आहे, आई," मी म्हणाले. तयार ठेवलेल्या दोन ओळी आठवल्या नाहीत. दुसऱ्याच आल्या. "जन्मापासून मीच आहे. ताईंना शालन म्हणा, रेणुका म्हणा, त्यांचं त्या सांगतील. पण आजपासून मला माझ्या नावानं बोलवायचं. प्रेरणा म्हणून हाक मारलीत, तर मी वळणार नाही."